लिंबाजी मिस्त्री आणि बंद पडलेली बोट

लिंबाजी मिस्त्रींना बंद पडलेल्या इंजनाजवळ नेऊन उभं केलं, की ते आधी इंजनाकडे बघायचेच नाहीत. भोवती जमलेल्या माणसांकडे बघायचे. एकेकाच्या तोंडाकडे, सावकाश. मग उकिडवे बसायचे, तळहातावर तंबाखू मळायला घ्यायचे आणि विचारायचे, "शेवटी चालू कधी होतं? आन् त्याच्यानंतर कोणी काय केलं?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळेच द्यायचे. दुसऱ्याचं कोणी देत नसे. "कोणी काही केलं न्हाई हो मिस्त्री, आपोआप बंद पडलं," असंच यायचं.

"आपोआप तर पानबी गळत न्हाई," मिस्त्री म्हणायचे. "देठ वाळावा लागतो."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हिंगोली जिल्हा वेगळा झालेला नव्हता, आम्ही परभणीतच होतो. धरणावर शाखा अभियंता म्हणून माझी नेमणूक झाली होती आणि वसाहतीला पाणी चढवणारं डिझेल इंजन आठवडाभर आजारी होतं. सुरू व्हायचं, पंधरा मिनिटं झकास चालायचं आणि धापा टाकत बंद पडायचं. शहरातून दोन मेकॅनिक येऊन गेले. एकानं नोझल बदललं, दुसऱ्यानं पंपच खोलला. शेवटी आमचे भांडारपाल वसंतराव म्हणाले, "साहेब, वारंगा फाट्याच्या लिंबाजीला बोलवा. डिग्री न्हाई, पण कान हाय."

उंच, काटकुळा, पन्नाशीकडे झुकलेला माणूस सायकलवरून आला. मागच्या कॅरिअरला पत्र्याची पेटी बांधलेली. प्रश्न विचारून झाले, तंबाखू झाली. मग त्यांनी इंजन सुरू करायला लावलं आणि लांब दांड्याचा पेचकस काढून त्याचं टोक इंजनाला आणि लाकडी मूठ स्वतःच्या कानाला लावली. डोळे मिटून बसले. पंधरा मिनिटांनी इंजन बंद पडलं, तसे उठून त्यांनी डिझेलच्या टाकीचं झाकण फिरवलं. सुंऽऽ करून हवा आत गेली.

"श्वास कोंडला होता याचा," मिस्त्री म्हणाले.

झाकणाला हवेसाठी असतं ते बारीक भोक कुंभारमाशीनं माती भरून बुजवलं होतं. मिस्त्रींनी तारेनं ती माती काढली. मोहरीच्या चार-पाच दाण्यांएवढी असेल. तेवढ्यासाठी आम्ही अख्खा पंप खोलला होता.

मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"पंधरा मिनिटं चांगलं चालतं म्हंजे त्याला रोग न्हाई, साहेब. त्याला कायतरी कमी पडून राहिलं. मग कमी काय पडतंय तेवढंच बघायचं."

त्यांच्या कामाची रीत एवढीच होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. घाई करणाऱ्याला ते म्हणायचे, "तीन गोष्टी एकदम केल्या आन् चालू झालं, तर तू शिकला काय?" आणि कोणी बंद इंजनाच्या बटनावर बोट दाबून बसला, की त्याचा हातच धरायचे. "बॅटरी म्हंजे बैल हाय. बसलेल्या बैलाला किती मारतो?"

शिकण्याबद्दल बोलायचे ते क्वचितच. धरणाचं काम चालू होतं तेव्हा तरुणपणी ते तिथं माती वाहायला होते. डंपर दुरुस्त होत तिथं जेवणाच्या सुट्टीत जाऊन उभं राहायचं आणि बघायचं. "मला कोणी शिकवलं न्हाई," ते म्हणाले होते. "हाकलून दिलं न्हाई, तेवढीच माझी शाळा." फाट्यावर चहाचं हॉटेल आणि पंक्चरवाला यांच्यामध्ये त्यांची पत्र्याची शेड होती. आत बुद्धाची तसबीर, बाहेर रांगेनं उभी पाच हॉर्सपॉवरची इंजनं. दुपारी त्यांच्या पत्नी गयाबाई गावातून भाकरी घेऊन यायच्या आणि मिस्त्री जेवत असेपर्यंत रॉकेलमध्ये पान्हे पुसून ओळीनं मांडून ठेवायच्या.

एकदा मी जीपनं चाललो होतो म्हणून त्यांना एका शेतकऱ्याच्या विहिरीवर सोडायला गेलो. उन्हाळ्याचे दिवस, ऊस वाळत होता. काम सुरू करण्याआधी चहा आला. माझा कपबशीतून, आणि मिस्त्रींचा कुडाच्या कडेला उपडा ठेवलेला, कान तुटलेला कप झटकून त्यातून. मिस्त्रींनी त्या कपाकडे पाहिलं. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. आधी पाणी काढू." तासाभरात इंजन बरं केलं. हँडल मात्र म्हाताऱ्या मालकालाच मारायला लावलं. पाणी पाटात पडल्यावर पुन्हा तोच कप आला. तो न उचलता मिस्त्री पाटाच्या पाण्यानं तोंड धुऊन, ओंजळीनं पाणी पिऊन जीपमध्ये बसले. वाटेत मी काहीतरी बोलायला गेलो, तर म्हणाले, "ऊस वाळला असता, साहेब. उसानं काय केलं होतं?"

पुढच्या वर्षी तोच म्हातारा बैलगाडीत इंजन घालून फाट्यावर आला. मी योगायोगानं तिथं होतो. मिस्त्रींनी हॉटेलातून दोन चहा मागवले, सारख्या दोन गिलासांत. एक म्हाताऱ्याच्या हातात दिला, एक स्वतः घेतला आणि त्याच्यासमोर फळीवर बसून शांतपणे प्यायले. म्हाताऱ्यानं गिलासाकडे पाहिलं, मिस्त्रींकडे पाहिलं आणि प्याला. इंजनाबद्दलच दोघं बोलले.

नवा जिल्हा झाल्यानंतर काही वर्षांनी आमच्याकडे जेट बोट आली. पूर आला तर माणसं काढायला म्हणून. अशी बोट त्या भागात कोणी पाहिली नव्हती. तिला बाहेर पंखा नव्हता. पोटाखालच्या जाळीतून पाणी आत ओढायचं आणि मागून जोरात फेकायचं, त्या धक्क्यानं ती पळायची. मधोमध झाकणाखाली पेट्रोलचं इंजन. चालवायला खलाशी म्हणून आमच्याकडचाच शेषराव नेमला. तो जवळच्या तांड्यावरचा, पाण्यात मासळीसारखा पोहणारा.

उद्घाटनाला पाहुणे आले, मंडप पडला, नारळ फुटला. शेषरावनं किल्ली फिरवली. इंजन घर्र घर्र फिरलं, पण पेटेना. पाहुणे हसतमुख उभे, आमच्या मोठ्या साहेबांच्या कपाळावर घाम. जीप पाठवून मिस्त्रींना आणलं. ते आयुष्यात पहिल्यांदाच बोट बघत होते. काठाशी थांबूनच म्हणाले, "मी पाण्यात येत न्हाई. मला पोहता येत न्हाई. तिला हितं वढा."

बोट काठाला ओढली. मिस्त्रींनी प्रश्न विचारला. "कोणी काही केलं नाही," असंच उत्तर आलं. पण ते तोंडं वाचत होते. वसंतरावांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मिस्त्रींनी त्यांना पाणी मागायच्या निमित्तानं बाजूला नेलं. परत आले तेव्हा त्यांच्या मुठीत काहीतरी होतं. चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधायची लाल दोरी. चालवणारा पाण्यात पडला तर दोरीची क्लिप निघावी आणि इंजन बंद व्हावं, अशी ती सोय. क्लिप जागेवर नसेल तर इंजन पेटतच नाही. हरवू नये म्हणून वसंतरावांनी ती काढून कपाटात कुलपात ठेवली होती. निवृत्तीला त्यांना चार महिने होते.

मिस्त्रींनी पाठीच्या आडोशानं क्लिप बसवली, उगाच दोन वायरी हलवल्या आणि म्हणाले, "मार किल्ली." बोट गरजली. टाळ्या पडल्या.

मोठ्या साहेबांनी विचारलं, "काय झालं होतं?"

"कनेक्शन ढिलं होतं, साहेब. नव्या मालात व्हतं तसं."

नंतर मी त्यांना गाठलं. म्हटलं, "मिस्त्री, तुम्ही तर म्हणता इंजन खोटं बोलत नाही, माणूस बोलतो."

"व्हय," ते म्हणाले. "माणूसच बोलला."

त्यानंतर दोन पावसाळे कोरडे गेले. बोट शेडमध्ये, शेषराव महिन्यातून एकदा तिला पाण्यात फिरवून आणायचा. आणि मग तो पाऊस आला. सलग तीन दिवस. चौथ्या दिवशी सकाळी उघडीप मिळाली तेव्हा नदी आणि तिला मिळणारा ओढा एक झाले होते आणि त्या दोघांच्या मधल्या उंचवट्यावर, एका आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या पत्र्याच्या घरावर, अकरा माणसं अडकली होती. काठावरून ती दिसत होती. पत्र्यावर चढलेली, एक बाई कडेवरचं लेकरू उंच धरून उभी. पाणी चढतच होतं.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर घालून बोट नदीकाठी आणली. शेषरावनं किल्ली फिरवली. टक. एवढाच आवाज. पुन्हा टक. जीपची बॅटरी जोडली. टक. "इंजन जाम झालं," कोणीतरी म्हणालं आणि ते सगळ्यांना पटलं. मोठे साहेब फोनवर दुसऱ्या जिल्ह्यातली बोट मागत होते. ती दुपारनंतर येणार होती. मी स्वतः जीप घेऊन फाट्यावर गेलो.

मिस्त्री आले. आखाड्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं. मग नेहमीसारखे उकिडवे बसले. साहेब ओरडले, "अहो, बसता काय!" मिस्त्री उठले नाहीत.

"शेवटी कधी चालली?"

"पंधरा दिवसांखाली," शेषराव म्हणाला.

"त्याच्यानंतर?"

"कायबी न्हाई."

मिस्त्रींनी त्याला ट्रॉलीमागं नेलं. मी चार पावलांवर होतो. त्यांनी शेषरावच्या हातावर तंबाखू ठेवली आणि हळू आवाजात म्हणाले, "शेषराव, मी कोणाला सांगत न्हाई. पण त्या लेकराला पाणी पोचायच्या आत मला सांग."

शेषराव रडायलाच लागला. बोट फिरवायला नेली तेव्हा ती मासेमारांच्या जाळ्यावरून गेली होती. आचका देऊन बंद पडली. बोलणी बसतील म्हणून त्यानं ती दोरानं ओढून शेडमध्ये लावली होती.

मिस्त्री बोटीवर चढले, इंजनाची पुली दोन्ही हातांनी धरून फिरवली. ती बोटभर फिरली आणि परत आली. पुन्हा फिरवली, पुन्हा परत आली. त्यांचा चेहरा उजळला.

"जाम न्हाई साहेब! लोखंड लोखंडाला अडलं असतं तर ठक्कन थांबलं असतं. हे मागं ढकलून राहिलं. खाली नरम कायतरी हाय."

बोटीचं मागचं टोक ट्रॉलीबाहेर आलेलं होतं, त्याखाली गोणपाट टाकून ते उताणे सरकले. पोटाखालची जाळी खोलली. आत पंपाच्या दांड्याला नायलॉनचं जाळं वळून वळून दगडासारखं घट्ट झालं होतं. या बोटीत इंजन आणि पंप एकाच दांड्यावर असल्यानं पंप अडला की इंजनही अडतं. विळ्यानं, मग करवतीच्या पात्यानं ते एकेक पेड कापत गेले. तिकडे आखाड्यावरचा एक पत्रा वाकला आणि काठावरच्या बायका ओरडल्या. मिस्त्रींनी मान वळवली नाही. पाऊण तासानं दांडा मोकळा झाला. मग एका काचेच्या बाटलीत पेट्रोल काढून त्यांनी ते उन्हाकडे धरलं. तळाला पाण्याचा थर. ते गढूळ पेट्रोल काढून टाकलं, नवं भरलं. बोट पाण्यात लोटली आणि किल्ली मारली, तशी ती दुसऱ्या फटक्याला चालू झाली.

लोक आनंदानं ओरडले. शेषराव मात्र जागचा हलेना. पाण्यातून कपाशीच्या पऱ्हाट्या, कडबा, झाडं वाहत चालली होती.

"मिस्त्री, मधे पुन्हा अडकलं तर मी काय करू? मला बोट चालवता येती, खोलता येत न्हाई."

मिस्त्रींनी पाण्याकडे पाहिलं. "मला पोहता येत न्हाई, शेषराव."

"मला येतंय की."

मिस्त्रींनी चपला काढून जोडीनं काठावर ठेवल्या. कोणीतरी त्यांच्या अंगात लाइफ जॅकेट चढवलं. बोटीत बसताना त्यांनी कड दोन्ही हातांनी इतकी घट्ट धरली होती, की बोटं पांढरी पडलेली मला लांबून दिसली.

जाणं नीट झालं. पाच माणसं घेऊन परत येताना, नेमकी धारेच्या मध्यावर, बोट बंद पडली. बोट आडवी होऊन वाहायला लागली. खाली दोनशे पावलांवर बुडालेला पूल होता आणि त्याच्या कठड्यावर पाणी फुटत होतं. मला एवढंच दिसत होतं, की शेषराव वल्ह्यानं तोंड वळवायला झुंजतोय आणि मागच्या बाजूला मिस्त्री पालथे पडलेत, एक हात खांद्यापर्यंत आत. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग बोटीच्या मागून पाण्याचा लोट उडाला.

ती काठाला लागली तेव्हा मिस्त्रींचा उजवा हात लेकराच्या दुपट्यात गुंडाळलेला होता आणि दुपटं लाल झालं होतं. नंतर शेषरावनं सांगितलं. पंपावरचं गोल झाकण काढून मिस्त्रींनी पऱ्हाट्या ओढून काढल्या. शेवटची काडी निघाली तसा पंपातला ताणलेला पंखा उलटा फिरला आणि पात्याची धार बोटांवर बसली. त्यांनी हात काखेत धरला आणि म्हणाले, "मार किल्ली."

"मिस्त्री, उतरा, दवाखान्यात चला," मी म्हणालो.

"सहा माणसं ऱ्हायली ना?" ते म्हणाले आणि बसूनच राहिले.

दुसरी फेरी सुखरूप झाली. अकराच्या अकरा माणसं काठावर आली. आखाडा तासाभरात गेला.

मिस्त्रींच्या दोन बोटांच्या शिरा तुटल्या होत्या. टाके पडले, जखम भरली, पण ती बोटं पुन्हा वाकली नाहीत.

आता मला माझं सांगायला हवं. त्या दिवसाचा अहवाल मी लिहिला. त्यात मिस्त्रींवर चार ओळी होत्या. मोठ्या साहेबांनी पेन्सिलनं त्या ओळींभोवती गोल केला. "खासगी माणूस सरकारी बोटीत कसा बसवला, असं विचारतील. तुम्हालाच विचारतील." मी त्या ओळी काढल्या. 'पथकाने' असा एक शब्द घातला. पुढं त्यांना सरकारी मदत मिळावी म्हणून अर्ज करावा असं माझ्या मनात आलं, तेव्हा मिस्त्री बोटीत होते असा एकही कागद नव्हता. तो कागद मीच नाहीसा केला होता. वर्षभरानं माझी बदली झाली. जाताना फाट्यावरून गेलो, पण उतरलो नाही.

उतरलो ते पाच वर्षांनी, नांदेडला जाणारी बस चहासाठी थांबली तेव्हा. शेड तीच होती. मिस्त्रींचे केस पांढरे झाले होते. मला पाहून उठले, "या साहेब" म्हणाले, फळी पुसून दिली. मी उभ्यानंच सांगून टाकलं. अहवालाचं, त्या चार ओळींचं.

"मला म्हाईत होतं," ते म्हणाले. "शेषरावनं सांगितलं होतं."

मी फळीवर टेकलो.

"राग आला होता," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "खोटं कशाला बोलू? दोन पावसाळे होता. हातात पान्हा ठरायचा न्हाई ना, तवा तुमचीच याद यायची. मग हळूहळू कमी झाला. आता तुमी आला, बरं वाटलं." आणि हॉटेलकडे तोंड करून त्यांनी चहा सांगितला.

तेवढ्यात शेडमागून गयाबाई आल्या. पदर खोचलेला, हातात पान्हा, कोपरापर्यंत काळं ऑइल. एका इंजनाशी बसल्या आणि नळीचा नट सैल करू लागल्या. मी बघतच राहिलो.

"हात तिचे, कान माझे," मिस्त्री म्हणाले. "गिऱ्हाईकं आधी हसायची. आता तिलाच इचारतात." मग तिकडे वळून म्हणाले, "अगं, डिझेल येत नसंल. फिल्टर बघ."

"डिझेल येतंय," गयाबाई मान वर न करता म्हणाल्या. "हवा धरलीय. बुडबुडे दिसून राहिले मला."

"फिल्टर बघ म्हणतो ना."

"तुमी काहून मधे मधे करता? या, बघा हितं."

मिस्त्री गेले, वाकले, बराच वेळ नळीकडे बघत राहिले. "बराबर हाय," ते म्हणाले. इतका खूश मी त्यांना कधी पाहिला नव्हता.

कंडक्टरनं घंटी मारली. मी चहा संपवून पळत बसमध्ये चढलो. खिडकीतून मागं पाहिलं. गयाबाईंनी हँडल मारलं, इंजनानं काळा धूर टाकला आणि लय धरली. मिस्त्री डाव्या हातात फडकं घेऊन त्यांच्या कपाळावरचा ऑइलचा डाग पुसायला गेले, आणि सगळी बस बघतेय म्हणून गयाबाई लाजून त्यांचा हात दूर सारत होत्या.